कंपनीचे खेवट

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले सानगडी हे गाव तिथल्या जुन्या किल्ल्यामुळे ओळखले जाते. खासगी कंपन्यांच्या मालकीचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची चर्चा पुण्या-बंगळुरूऐवजी इथून सुरू करण्याला कारण आहे. सानगडी ज्या झाडीपट्टीत आहे तिथे पाऊणशे वर्षांपूर्वीपर्यंत गावांची मालकी हिश्शांनी वाटलेली असे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी 1854 मध्ये खालसा केले, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, आणि त्याच दशकातल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात सारा गोळा करून भरणाऱ्या पाटील-मालगुजारांना सरकारने गावाचे मालक ठरवले. मालक एकटा असला की गाव त्याचे सोळा आणे. दोघा भावांत वाटणी झाली की आठ-आठ आणे. त्यातला एक वारला आणि त्याला तीन मुलगे असले की प्रत्येकी दोन आणे आठ पै. त्या तिघांपैकी एकाला पाच वारस निघाले की प्रत्येकाच्या वाट्याला सहा पूर्णांक दोन पंचमांश पै. तिसऱ्या वाटणीतच हिस्सा अर्ध्या आण्यापर्यंत आला आणि पैचेही तुकडे पडले. दर वेळी शेते मोजून वाटली जात असे नाही. बरेचदा वाटला जाई तो गावावरचा हक्क, आणि हक्क डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तो कुठेतरी लिहून ठेवणे भाग होते.

तो ज्या कागदावर लिहीत त्याचे नाव खेवट. मध्य प्रांताच्या 1917 च्या जमीन महसूल कायद्यात गावाच्या हक्कनोंदणीचे जे कागद सांगितले आहेत, त्यात खसरा होता, जमाबंदी होती, गावाच्या रीतिरिवाजांची नोंद करणारा वाजिब-उल-अर्ज होता, आणि मालक कोण, त्यांचा हक्क कोणत्या प्रकारचा आणि किती, हे सांगणारे खेवट होते. ‘किती’च्या आधी ‘कोणत्या प्रकारचा’ हे विचारावे लागे, याकडे लक्ष द्यायला हवे. कारण हिस्सेदारांपैकी एकजण लंबरदार असे. सारा तो भरी, वसूल तो करी, आणि उरलेल्या नफ्यातून बाकीच्यांचा वाटा त्याने द्यायचा असे. चार आण्यांचा लंबरदार आणि चार आण्यांचा साधा हिस्सेदार यांची बेरीज सारखी, पण गावात दोघांचे वजन सारखे नव्हते. वाटा मिळाला नाही म्हणून हिस्सेदारांनी लंबरदारावर लावलेले दावे नागपूरच्या न्यायालयांना नवे नव्हते. ‘सीर’, म्हणजे मालकाच्या घरच्या शेतीच्या, जमिनीचे तर आणखी वेगळे. मालकाने गावातला हिस्सा विकला, पण सीरवरचा कसण्याचा हक्क सोडल्याचे स्पष्ट लिहून दिले नाही, तर तो त्या जमिनीवर कूळ म्हणून टिकून राही. म्हणजे हिस्सा गेला तरी शेत हातात उरू शकत होते.

या साऱ्याची परीक्षा 31 मार्च 1951 रोजी झाली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या राज्याने मालकी हक्क रद्द करण्याचा 1950 चा कायदा त्या दिवशी अमलात आणला आणि गावावरचा मालकी हक्क सरकारजमा झाला. रान, गवत, हाट-बाजार, पायवाटा, गावठाण यांच्यासह मालगुजाराचे गावावरचे स्वामित्व गेले, त्याबदली नुकसानभरपाई आली. पण घरच्या शेतीतली जमीन मलिक-मकबुजा, म्हणजे त्या जमिनीपुरता मालक, म्हणून त्याच्याकडे राहिली. तलावांच्या बाबतीत तर त्या पाण्यावर मालकाखेरीज इतर कोणाचा सिंचनाचा हक्क आहे का, हेही पाहावे लागले. या पट्ट्यात कोहळी समाजाने आणि इतरांनी बांधलेले तलाव शेकड्यांनी आहेत. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांच्या वर धरतात, आणि ‘मामा तलाव’ हे त्यांचे आजचे नाव त्या दिवसाचीच खूण आहे. एकाच गावात सारखेच आणे असलेल्या दोन हिस्सेदारांना त्या दिवशी अगदी वेगवेगळे फळ मिळू शकत होते. ते ठरले आण्यांवरून नाही. कोणती जमीन कोणत्या हक्काने, कधीपासून, कोणत्या नोंदीने धरली आहे यावरून ठरले.

या प्रकरणाचा मुद्दा तोच आहे. मालकीचा टक्का हे नोंदींतून काढलेले उत्तर असते. जपायच्या असतात त्या नोंदी, म्हणजे कोणता व्यवहार कधी झाला, कोणाच्या संमतीने झाला आणि कोणत्या अटीवर झाला. खासगी कंपन्यांसाठी आज जे सॉफ्टवेअर विकले जाते, त्याची जाहिरात बहुधा सुबक वर्तुळाकार आलेखांची आणि अचूक टक्क्यांची असते. त्याची खरी किंमत मात्र त्या वर्तुळामागच्या फेरफारांच्या यादीत असते, आणि ती यादी तिथे नसेल तर वर्तुळ कितीही सुबक असले तरी ते निरुपयोगी.

आता कंपनीकडे येऊ. खासगी कंपनीचे शेअर बाजारात विकले जात नाहीत. कायद्यानेच तिने शेअर हस्तांतरावर बंधन घालायचे असते आणि सभासद, कर्मचारी-सभासद सोडून, दोनशेच्या आत ठेवायचे असतात. त्यामुळे ‘आज कोणाकडे किती’ हे सांगणारा कुठलाही बाजार तिच्यासाठी नसतो. कंपनीची स्वतःची सभासद नोंदवही सांगेल तेच खरे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ही नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे, आणि ती न्यायालयात सकृद्दर्शनी पुरावा मानली जाते; म्हणजे चूक सिद्ध होईपर्यंत ती खरी. जमिनीच्या हक्कनोंदणीलाही कायद्याने हेच गृहीतक दिलेले आहे. पुण्यात 1981 मध्ये सात जणांनी नोंदवलेल्या इन्फोसिसची पहिली काही वर्षे घ्या. अशा कंपनीची मालकी एका पानावर मावते आणि सातही जणांना ती तोंडपाठ असते. आजच्या स्टार्टअपला तीन-चार वर्षांतच ते पान पुरत नाही. संस्थापक असतात, सुरुवातीला पैसे देणारे ओळखीचे असतात, गुंतवणूक फंड असतात, पगाराचा एक भाग शेअरच्या आश्वासनात घेणारे कर्मचारी असतात, आणि उद्या शेअरमध्ये रूपांतर होणार असलेले कर्जही असते. या सगळ्यांचा मिळून जो तक्ता होतो त्याला या धंद्यात ‘कॅप टेबल’ म्हणतात.

त्यातले गणित कसे फसवते ते एका कल्पित उदाहरणावर पाहू. संस्थापकांकडे मिळून दहा लाख शेअर आहेत. गुंतवणूकदार म्हणतो, तुमची कंपनी आठ कोटींची धरतो आणि दोन कोटी घालतो. साधा हिशेब केला तर शेअरचा भाव 80 रुपये, गुंतवणूकदाराला अडीच लाख शेअर, म्हणजे 20 टक्के. पण करारात एक ओळ अशी असते की कर्मचाऱ्यांसाठी दहा टक्के शेअरांचा राखीव साठा (ईसॉप) आधी काढायचा आणि तो आठ कोटींच्याच पोटात धरायचा. आता गुंतवणूक झाल्यावर गुंतवणूकदार 20 टक्के, साठा 10 टक्के आणि संस्थापक 70 टक्के. दहा लाख शेअर म्हणजे 70 टक्के असतील, तर एकूण शेअर होतात 14,28,571. त्यातले गुंतवणूकदाराचे 2,85,714, आणि दोन कोटींना त्या आकड्याने भागले की भाव येतो 70 रुपये. साठा गुंतवणुकीनंतर, सगळ्यांच्या पोटातून काढला असता, तर संस्थापक 72 टक्क्यांवर राहिले असते आणि गुंतवणूकदार 18 वर आला असता. ‘आठ कोटी’ हा आकडा दोन्हीकडे तोच आहे. बदलला तो क्रम, आधी साठा की आधी गुंतवणूक. बातमीत आठ कोटीच छापले जाते. 70 रुपये छापत नाहीत.

आणि टक्क्याच्या आत अट असते, ती तर आणखी खोल. भारतात गुंतवणूकदार बहुतेक वेळा साधे शेअर घेत नाहीत. सक्तीने रूपांतर होणारे प्राधान्य शेअर घेतात. त्यात लिहिलेले असते की कंपनी विकली गेली तर आधी माझे घातलेले पैसे परत, किंवा माझ्या टक्क्याइतका वाटा, यांतले जे जास्त असेल ते माझे. वरची कंपनी तीन कोटींना विकावी लागली असे समजा. 20 टक्क्यांच्या हिशेबाने गुंतवणूकदाराला साठ लाख मिळायला हवेत. अटीप्रमाणे तो दोन कोटी उचलतो आणि उरलेल्या एका कोटीत बाकी सगळे. हा अन्याय आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पैसा घालताना त्याने जोखीम पत्करली आणि समोरच्यांनी सही केली. पण आपल्याकडे अर्धा टक्का आहे म्हणून घराच्या हप्त्यांची स्वप्ने रंगवणाऱ्या कर्मचाऱ्याला नुसता टक्का सांगणे म्हणजे त्याला काहीच न सांगणे होय. सानगडीच्या आसपासच्या मालगुजाराला सीर आणि गावावरचा मालकी हक्क यांतला भेद बरोबर कळत होता. अनेक सुशिक्षित अभियंत्यांना साधा शेअर आणि प्राधान्य शेअर यांतला भेद कंपनी विकली जाते त्या दिवशी कळतो.

सॉफ्टवेअर या जागी शिरते. अमेरिकेत 2012 मध्ये ‘ईशेअर्स’ नावाने सुरू झालेली आणि 2017 मध्ये ‘कार्टा’ झालेली कंपनी या क्षेत्रातले सर्वांत ठळक नाव. भारतातही कॅपिटा, इक्विटीलिस्ट अशा सेवा मिळतात. अशा प्रणालीत शेअर वाटप झाले की संचालक मंडळाचा ठराव, वाटपाची तारीख, भाव, शेअरचा वर्ग आणि भरलेला फॉर्म हे सारे एका नोंदीला बांधले जाते. कर्मचाऱ्याला दिलेले ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचे हक्क, कधी पिकायला लागतात (आपल्या नियमांनुसार किमान एक वर्ष थांबावे लागते), दर महिन्याला किती पिकतात, नोकरी सोडली तर किती दिवसांत पैसे भरून शेअर घ्यायचे, हे प्रणाली मोजत राहते. पुढच्या गुंतवणुकीत कोण किती खाली येईल आणि कंपनी अमुक रकमेला विकली तर कोणाच्या हातात काय पडेल, याची आकडेमोड ती क्षणात करते. ही आकडेमोड उपयोगाची आहेच, पण ती दुय्यम आहे, कारण आकडेमोड कोणीही करू शकतो. सात-बाराच्या उताऱ्यावर भोगवटादाराच्या नावासमोर फेरफाराचा क्रमांक असतो आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा, कूळ, वाट यांची नोंद असते. नाव कसे लागले हे तो क्रमांक सांगतो आणि त्या नावाला काय काय बांधले आहे ते तो रकाना सांगतो. जुना माणूस उतारा हातात घेतला की क्षेत्राकडे नंतर पाहतो, आधी फेरफार आणि इतर अधिकार पाहतो. चांगल्या मालकी-सॉफ्टवेअरची कसोटी हीच आहे. पडद्यावरच्या कुठल्याही आकड्यावर बोट ठेवले की तो कुठल्या फेरफाराने आला आणि त्याच्यावर कोणती अट आहे, हे दिसले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप कंपनीच्या सीएकडून येतो, आणि तो वजनदार आहे. हे सगळे एक्सेल शीटमध्ये होते, दरवर्षी पैसे मोजून सेवा कशाला घ्यायची? दोन संस्थापक आणि एक गुंतवणूकदार असेल तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. अशा कंपनीने सॉफ्टवेअर घेणे म्हणजे उगाच थाट. पण एक्सेलची अडचण बेरीज-वजाबाकीत नाही. शीटमध्ये आकडा बदलला की जुना आकडा नाहीसा होतो आणि तो कोणी, का बदलला याचा माग राहत नाही. एक शीट संस्थापकाकडे, एक वकिलाकडे, एक गुंतवणूकदाराकडे, आणि तिन्हींच्या नावात ‘फायनल’ असते. कर्मचारी गेला, त्याचे न पिकलेले ऑप्शन साठ्यात परत यायला हवे होते, ते आले नाहीत. ही चूक त्या दिवशी कोणाला दिसत नाही. पुढचा गुंतवणूकदार वकील लावून कागद तपासतो तेव्हा ती वर येते, आणि तोवर गेलेल्या माणसाचा फोन नंबरही बदललेला असतो. वारस नोंद वेळेवर न केलेल्या शेताचेही तसेच होते. वाद वाटणीचा नसतो, वीस वर्षांपूर्वी पटवाऱ्याकडे जायचे राहून गेले त्याचा असतो. न झालेला फेरफार कोणतेही सॉफ्टवेअर स्वतःहून करणार नाही. पण महिन्याच्या महिन्याला तो मागणारी प्रणाली आणि कोणी विचारीपर्यंत गप्प बसणारी शीट यांत फरक आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. सरकारच आता खासगी कंपन्यांना शेअर डीमॅट करायला लावत आहे, मग खासगी सॉफ्टवेअरचे काय काम? ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्राने नियम काढला की लहान कंपन्या सोडून बाकी खासगी कंपन्यांनी आपले शेअर डीमॅट स्वरूपात आणावेत. मुदत आधी सप्टेंबर 2024 होती, ती पुढे जून 2025 झाली. मुंबईत 1996 मध्ये एनएसडीएल आणि नंतर सीडीएसएल या शेअरांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या डिपॉझिटरी आल्या तेव्हा बाजारातल्या शेअरांच्या बनावट प्रमाणपत्रांचा आणि सही जुळत नाही म्हणून परत येणाऱ्या व्यवहारांचा काळ मागे पडला. तो फायदा आता खासगी कंपन्यांना मिळणार, आणि कायद्याच्या दृष्टीने डिपॉझिटरीकडची यादी हीच सभासद नोंदवही ठरणार. खोट्या प्रमाणपत्राचे भय संपवण्यासाठी याहून चांगला उपाय नाही, हे मान्य करावे लागेल. पण डिपॉझिटरी सांगते ती निघालेल्या शेअरांची आजची स्थिती. पिकायचे बाकी असलेले ऑप्शन तिथे नाहीत, शेअरमध्ये अजून रूपांतर न झालेली परिवर्तनीय नोट तिथे नाही, ‘आधी माझे पैसे परत’ ही करारातली ओळ तिथे नाही. खेवटात आणे दिसत, पण पाण्यावरचा हक्क पाहायचा तर वाजिब-उल-अर्ज उघडावा लागे. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नव्हती. डीमॅटमुळे सॉफ्टवेअरचा निम्मा धंदा, म्हणजे प्रमाणपत्रे काढणे आणि यादी ठेवणे, खरोखरच कमी होईल. उरलेला निम्मा, अटींचा आणि येऊ घातलेल्या हक्कांचा, तसाच राहील. किंबहुना सॉफ्टवेअरवाल्यांनी तोच धंदा आधीपासून नीट करायला हवा होता.

तिसरा आक्षेप विश्वासाचा. नोंदवही ज्याच्याकडे, त्याला सगळे कळते: कोणाकडे किती शेअर, कोण कोणत्या भावाने आत आला, कोणाला पैशांची गरज असू शकते. जानेवारी 2024 मध्ये हे नुसते तर्काचे राहिले नाही. लिनिअर या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकाने जाहीरपणे तक्रार केली की कार्टाच्या माणसाने त्यांच्या एका सुरुवातीच्या गुंतवणूकदाराशी, कंपनीला न विचारता, शेअर विक्रीसाठी संपर्क साधला. कार्टा तेव्हा नोंदी ठेवण्याबरोबर खासगी शेअरांची खरेदी-विक्री जुळवून देण्याचाही धंदा करत होती. कर्मचाऱ्याने अंतर्गत नियम मोडला असे कार्टाच्या प्रमुखांनी म्हटले, आणि काही दिवसांतच त्यांनी खरेदी-विक्रीचा धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले. यातून सॉफ्टवेअरच नको असा निष्कर्ष काढणारे होते, तो मला पटत नाही. पटवारी पैसे खातो म्हणून कोणी सात-बारा बंद करा म्हणत नाही. नोंद ठेवणाऱ्याने जमिनीची दलाली करू नये, असे म्हणतात. नोंदवही सांभाळणाऱ्या सेवेशी करार करताना हीच अट घालायला हवी. माहितीचा उपयोग फक्त नोंदीसाठी, आणि कंपनी सेवा सोडेल त्या दिवशी सगळा इतिहास, प्रत्येक फेरफार आणि त्यामागचा कागद, वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळाला पाहिजे. नुसता शेवटचा तक्ता परत देणारी सेवा घेऊ नये. तक्ता आपल्यालाही काढता येतो.

इथवरची चर्चा शहरातल्या कंपन्यांची झाली. पण सानगडीच्या आसपासच्या भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा खासगी कंपनीशी संबंध येतो तो शेतकरी उत्पादक कंपनीच्या रूपाने, आणि तिथे हा मुद्दा अधिक तीव्र होतो. अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीनंतर 2002 च्या दुरुस्तीने ही रचना कंपनी कायद्यात आली. ती कायद्याने खासगी कंपनी समजली जाते, पण दोनशे सभासदांची मर्यादा तिला नाही; किमान दहा उत्पादक एकत्र आले की ती उभी राहते. व्यक्ती-सभासदांच्या कंपनीत कोणाकडे कितीही शेअर असोत, मत एकच. शेअर बाहेरच्याला विकता येत नाही. संचालक मंडळाच्या संमतीने आणि दर्शनी किमतीलाच तो दुसऱ्या सक्रिय सभासदाला देता येतो. वर्षाअखेरीची वाढीव वाटणी ठरते ती प्रत्येकाने कंपनीशी किती व्यवहार केला यावर. म्हणजे इथे टक्क्याला जवळजवळ अर्थच नाही. धान किती घातले, सभासद सक्रिय आहे का, त्याने वारस नेमला आहे का, हे प्रश्न टक्क्यापेक्षा मोठे.

इथे कोणी म्हणेल की मत सगळ्यांचे सारखे आणि शेअरला भावच नाही, तर मालकीची नोंद काटेकोर ठेवण्यासाठी इतका खटाटोप कशाला? उत्तर असे की याच कंपन्यांत नोंदीला थेट पैशांची किंमत आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या दहा हजार उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेत भांडवलाला जोड म्हणून अनुदान मिळते: प्रत्येक शेतकरी सभासदामागे दोन हजार रुपयांपर्यंत, आणि एका संस्थेला पंधरा लाखांपर्यंत. ते सभासदांनी भरलेल्या रकमेशी जुळवून मिळते. तेव्हा सभासद यादीत नाव एकीकडे आधारप्रमाणे, दुसरीकडे सात-बाराप्रमाणे आणि बँकेत तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असेल, तर भुर्दंड एकट्या सभासदाला नाही, सगळ्या कंपनीला. आणि वारसाचा प्रश्न तर कायद्यानेच पुढे ठेवला आहे. सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत प्रत्येकाने आपल्या पश्चात शेअर कोणाकडे जावेत हे नेमून द्यायचे असते, आणि नेमलेली व्यक्ती स्वतः उत्पादक नसेल तर संचालक मंडळाने ते शेअर कंपनीकडे परत घ्यायचे असतात. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाचे नाव वारस म्हणून लावणाऱ्या सभासदाला हे आधी सांगितलेले असते का, हा नुसता माहितीचा प्रश्न नाही, मालकीचा आहे.

शहरी स्टार्टअपसाठी बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये या गोष्टींना जागा नसते. तिथे ‘सक्रिय सभासद’ असा रकाना नाही, धानाच्या पोत्यांचा रकाना नाही, आणि वारस उत्पादक आहे का हे विचारणारी चौकट नाही. त्यामुळे आहे तेच सॉफ्टवेअर मराठीत करून विकणे हा या कंपन्यांसाठी उपाय नव्हे. डीमॅटच्या नियमातही उत्पादक कंपन्यांना इतरांपेक्षा लांब मुदत मिळाली आहे, पाच वर्षांची, आणि बहुतेक उत्पादक कंपन्या लहान कंपनीच्या व्याख्येत बसत असल्याने त्यांच्यावर ती सक्ती तूर्त येणारही नाही. त्यांची नोंदवही आणखी बरीच वर्षे सीईओच्या लॅपटॉपमधल्या शीटमध्ये किंवा तालुक्याच्या सीएकडच्या फाइलमध्ये राहील. अशा कंपनीला काही विकत घ्यायचेच असेल तर तिने चार गोष्टी मागाव्यात. प्रत्येक सभासदामागे त्याला सभासद करून घेणाऱ्या ठरावाचा क्रमांक असावा, वारसाची नोंद आणि तो उत्पादक आहे की नाही याचे उत्तर असावे, त्या हंगामातल्या व्यवहाराचा आकडा असावा, आणि नोंद बदलली की जुनी नोंद खोडली न जाता खाली दिसत राहावी. वर्तुळाकार आलेख दिला नाही तरी चालेल. या चार गोष्टी एखाद्या जाड रजिस्टरमध्येही बसवता येतात, आणि सॉफ्टवेअर विकायला आलेल्याने त्या रजिस्टरपेक्षा आपण काय जास्त देतो हे सभेत उभे राहून सांगितल्याशिवाय सभासदांनी पैसे मंजूर करू नयेत.